तग

थोरलीने हरितगृहाच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि धाकटीच्या ओळीचा नळ सोडला. सगळे जेवायला गेले होते. ठिबकच्या नळीतून पाणी झिरपू लागलं. तापलेल्या मातीने ते गटागटा पिऊन टाकलं.

चाचणीचा तो दहावा दिवस. टोमॅटोच्या रोपांना चौदा दिवस पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. पाणी तुटलं की झाडात एक संप्रेरक वाढतं, पानांची सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि आतली ओल आत राहते. ते संप्रेरक लवकर तयार व्हावं म्हणून थोरलीने त्यामागच्या जनुकावर बारा वर्षं खर्ची घातली होती. तरी तिच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. दोनच वर्षांपूर्वी या संस्थेत आलेल्या धाकट्या बहिणीची रोपं मात्र ताठ उभी. संचालक येता-जाता तिथेच रेंगाळत. आईसुद्धा फोनवर आधी विचारायची, "धाकटीची रोपं कशी आहेत गं?" थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

नळ बंद करून ती जेवायला गेली.

परत आली तेव्हा धाकटी ओल्या मातीत बोटं खुपसून बसली होती. चाचणी बाद झाली होती. अख्ख्या वर्षाची मेहनत गेली. समोर म्हातारा माळी हात जोडून उभा.

"शपथ घेऊन सांगतो बाई, मी नळाला हात लावला नाही."

"मग काय आपोआप सुटला? नळ तुम्हीच बघता ना?" धाकटी ओरडली. "आत्ताच्या आत्ता संचालकांकडे चला."

माळी पाय ओढत दाराकडे वळला. थोरलीला ते बघवेना.

"त्यांना बोलू नकोस. पाणी मी सोडलं," ती म्हणाली. "तुझी रोपं डोळ्यांत खुपत होती माझ्या."

माळी बाहेर गेला. धाकटीने हातांची माती झटकली.

"हा वाण माझा नाही, ताई. फळं बारीक धरतात म्हणून नऊ वर्षांपूर्वी तू बाद केलेलं बियाणं मला शीतगृहात सापडलं. चौदावा दिवस पार पडला की तुझ्या नावानं जाहीर करणार होते."