मी युनियनमध्ये नव्हते

सरकारी घड्याळ कारखाना विकायला निघाला तेव्हा युनियनचे पुढारी कोंडाजीराव गेटवर उपोषणाला बसले. जुळणी विभागातली यशोदा अकरा दिवस त्यांच्या शेजारी उपाशी राहिली.

तरी कारखाना विकला गेलाच. वर्षभराने नवा मालक कंत्राटी माणसं घेतोय असं कळलं, म्हणून यशोदा तिथं गेली. कंत्राटदाराच्या खुर्चीत कोंडाजीरावच बसले होते.

"बारा तास काम, रविवारची सुट्टी नाही," ते म्हणाले. "आणि इथं लिहा, मी कधीच युनियनमध्ये नव्हते."

"तुम्ही काय लिहिलंत, भाऊ?"

"तेच," म्हणत त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

घरातलं पीठ कालच संपलं होतं. यशोदाने ते वाक्य लिहून दिलं आणि गेटबाहेर येऊन, भिंतीला धरून, ती ओकली.