पाणी मुरतंय

"टाकीत एक मासा नाही, तर खाणं कोण टाकतंय?" तो हॉलमधूनच गरजला.

दुकानदाराने बजावलं होतं, "आधी पाणी नीट मुरू द्या, मासे नंतर." म्हणून त्याने वाळू सात पाण्यांनी धुतली, हीटर लावला, फिल्टर सुरू केला. आणि आज पुन्हा पाण्यावर खाण्याचे लाल कण तरंगत होते. पाणी नासवायचे धंदे नुसते!

"मीच टाकते," बायको स्वयंपाकघरातून फणकारली. "तुम्ही आणता नि विसरून जाता. बिचारे वर येऊन तोंडं उघडतात."

"कोण बिचारे? मी अजून काही आणलेलंच नाही!"

"आंधळे आहात का?"

त्याचं डोकंच सणकलं. बाही वर सारून त्याने कण काढायला हात घातला. पाणी कोमट होतं, तळाची वाळू लख्ख दिसत होती. एक कण टुपकन खाली ओढला गेला आणि नाहीसा झाला. मग दुसरा. मग सगळेच.

ओरडायला त्याने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. त्याच्या करंगळीला काहीतरी लुचत होतं.

"हात काढा आधी!" बायको दारात येऊन खेकसली. "मोठ्याला अजून काही मिळालेलं नाही."