मागची सीट

"निकालाआधी गाडी जागची हलणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "नियम म्हणजे नियम. आणि तो केला कोणी? तुझ्याच बापाने."

हातातलं फडकं तिने उगाचच बॉनेटवरून फिरवलं.

जुन्या मोटारींच्या मालकांचं हे वर्षातलं सगळ्यांत मोठं प्रदर्शन. मैदानभर गाड्या ओळीने लागल्या होत्या आणि त्यांच्यामधून गर्दी सरकत होती. आभाळ सकाळपासून काळवंडलेलं होतं. इतके घासूनपुसून ठेवलेले दिवे, पण आज एकही चमकत नव्हता.

तिच्या वडिलांची हिरवी स्टेशन वॅगन दुसऱ्या रांगेत होती. काल संध्याकाळी तिनेच ती आणून लावली होती.

"डोळे बघ केवढे सुजलेत," अध्यक्ष म्हणाले. "रात्रभर गाडी पुसत बसली होतीस की काय?"

"झोप नाही झाली, काका."

"तुझ्या बापाची एकेक तऱ्हा. काल स्वतःच पाठवतो, आज परत मागवतो. असं अडलंय तरी काय?"

"त्यांना न्यायचंय."

"दवाखान्यात?"

"दवाखाना झाला."

"मग टॅक्सी कर ना!"

"ते याच गाडीतून जाणार म्हणालेत."

"हट्टी म्हातारा!" अध्यक्ष हसले. त्यांच्या हातात नेहमीप्रमाणे माईक होता. सगळे त्यांना पाठीमागे भोंगा म्हणत. ते नाव तिच्या वडिलांनीच ठेवलं होतं. दोघांची मैत्री शाळेपासूनची.

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी इंजिन पाहिलं, दाराच्या कड्या हलवून पाहिल्या, वाकून चाकांमागे डोकावले. प्रत्येक वेळी मान डोलावली. मग मागचं दार उघडलं आणि थबकले.

"मागची सीट कुठे गेली?"

"घरी आहे. गेल्या आठवड्यात बाबांनी काढायला लावली."

"प्रदर्शन तोंडावर असताना?"

"त्यांना आता बसवत नाही. आडवं राहून जाता यावं म्हणून."

"टेप लावून जागा मोजली असेल पठ्ठ्याने," अध्यक्ष म्हणाले.

"मोजली. मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं."

परीक्षकांनाही हसू आलं. "सीटचे गुण जातील. पण बाकी सगळं कारखान्यातून निघालं तसं आहे. असं हल्ली पाहायला मिळत नाही." ते पुढच्या गाडीकडे वळले.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "ऐकलंस? यंदा कप तुमचाच. किती वर्षं त्याने या कपाकडे डोळे लावलेत, तुला सांगायला हवं का? संध्याकाळपर्यंत थांब. फोन लाव त्याला, मी बोलतो."

"ते फोनवर नाही येणार."

"रुसलाय?"

तिचाच फोन वाजला. ती दोन पावलं बाजूला गेली. "हो, आई... आंघोळ झाली का? करडा कोट घाल. कपाटात वरच आहे, इस्त्री केलेला... टाय नको, त्यांना गळ्याशी आवळलेलं आवडत नाही... निघतेच आहे."

ती वळली तर अध्यक्ष व्यासपीठावर पोचले होते. वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली होती. यंदा फक्त घड्याळजी गेले होते. अध्यक्ष त्यांच्याबद्दल भरभरून बोलले, मध्येच त्यांच्या घोरण्याची नक्कल केली, लोक हसले. मग मिनिटभर शांतता झाली. ती पुरती संपायच्या आत त्यांनी चहाच्या कुपनांची घोषणा केली.

शेजारच्या गाडीचे मालक, दंतवैद्य, तिच्याकडे झुकले. "तुझे बाबा इथे असते तर उठून गेले असते."

"घड्याळजी गेले तेव्हाच त्यांनी मला बजावून ठेवलंय," ती म्हणाली. "माझ्या बाबतीत भोंग्याला आधी काही कळू द्यायचं नाही. नंतर काय वाजायचं ते वाजू दे."

दंतवैद्य खो खो हसले. तीही थोडी हसली, मग पाठ वळवून गाडीच्या काचा पुसू लागली. त्या स्वच्छच होत्या.

अध्यक्ष खाली उतरताच ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आमची गाडी स्पर्धेतून काढा, काका. म्हणजे नियमाचा प्रश्न उरत नाही."

"वेडी आहेस का? आणि कप?"

"राहू दे."

"त्याने सांगितलं असं?"

"त्यांना मी शब्द दिलाय."

अध्यक्षांनी गाडीच्या खिडकीत ठेवलेला स्पर्धेचा क्रमांक स्वतःच्या हाताने उचलला.

"गर्दीत इंजिन चालू करता यायचं नाही. फाटकापर्यंत ढकलत न्यावी लागेल." त्यांनी हाक मारली. "चला रे, चौघं या. खांदा द्या!"

"अरे, काय अभद्र बोलतोस!" दंतवैद्य म्हणाले.

"गाडीला म्हणतोय, गाडीला."

दंतवैद्य आले, छापखान्याचे मालक आले, परीक्षकही कोट काढून आले. अध्यक्षांनी माईक गवतावर ठेवला आणि चौथी बाजू धरली. ती स्टिअरिंगमागे बसली. चार म्हातारे धापा टाकत, एकमेकांना शिव्या घालत गाडी नेऊ लागले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कोणीतरी टोपी काढून गमतीने मुजरा केला.

फाटकाबाहेर अध्यक्ष कंबर धरून उभे राहिले.

"त्याला सांग, तुझ्यापायी आमची हाडं मोडली. पुढच्या वर्षी स्वतः चालवत ये म्हणावं."

तिने त्यांचा हात क्षणभर घट्ट धरला. मग गाडी सुरू केली.

घराच्या गल्लीत शिरताना तिने वेग कमी केला. भिंतीच्या कडेने शेजारी उभे होते, त्यांचं बोलणं थांबलं. आई दारात आली. लेकीने गाडी उलटी घेऊन पायरीपाशी लावली आणि उतरून मागचं दार उघडलं.

मामा पुढे आले. दोन्ही हात भरलेले, काय करावं न सुचून ते तिच्याकडे पाहत राहिले.

"आधी बाबांना ठेवू, मामा," ती म्हणाली. "फुलं वरून."