चिकटपट्टी

काळी चिकटपट्टी ताणून धाकट्याने पहिलं अक्षर झाकलं. पट्टी दातानेच तोडली.

मोठ्या ड्रमच्या दर्शनी बाजूवर आईचं नाव होतं. बँडचं नावही तेच. आईनेच ब्रश धरून रंगवलेलं. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती. ते बिचारं अंग चोरून उभं होतं.

"सगळं झाका हं," हॉलचा मॅनेजर दारातून म्हणाला. सकाळी आलेली नोटीस त्याच्या हातात होती. "वाजवा हवं तेवढं, माझी ना नाही. पण तुमच्या मोठ्या भावांनी हे नाव स्वतःच्या बँडसाठी नोंदवलंय. माझ्या स्टेजवर दिसलं तर मी अडकेन."

धाकट्याची बायको बँडची गायिका. आरशासमोर ती केसांत पिना खोचत होती.

"दवाखान्यात होत्या तोवर आई तुमच्या एकट्याच्या," ती म्हणाली. "गेल्यावर भाऊजींच्या एकट्याच्या झाल्या."

धाकट्याने दुसरी पट्टी ताणली. बाकावरच्या फोनमधून वकीलबाई बोलत होत्या.

"नाव भावाला द्यायच्या ना-हरकत पत्रावरची सही तुमचीच ना? जरा वेडीवाकडी आहे."

"माझीच. कागद ड्रमवर ठेवून केली. पडदा उघडायला दोनच मिनिटं होती. दादा म्हणाला, इथे कर."

"अहो, कशाचा कागद ते विचारायचं तरी!"

"दादाला?"



"बरं," वकीलबाई म्हणाल्या. "आज झाका. सोमवारी बघू काय होतंय."

निवेदिका आत डोकावली. "तुम्हाला काय म्हणून पुकारू?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो शेवटच्या अक्षरापाशी पोचला होता. त्याला एवढासाच तुकडा लागला.

"काही नको," तो म्हणाला. "पडदा उघडा. आम्ही सुरू करतो."

पडदा उघडला. त्याने सवयीने मोठ्या ड्रमची पायपट्टी दाबली. हा पहिला ठोका एरवी पोटात घुमायचा. आज चिकटपट्ट्यांखालून नुसता बद्द आवाज आला, गादीवर बुक्की मारल्यासारखा. माइकपाशी उभ्या बायकोने चमकून मागे पाहिलं.

त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तसाच.

तो वाजवत राहिला. चौथ्या-पाचव्या ठोक्याला लोकांनी त्यावरच टाळ्यांचा ताल धरला.