इशारा एकाचाच

"अगं, तिला सांग, स्टेअरिंग उजवीकडे!"

"उजवीकडे म्हणतायत गं!" आईने निरोप पोचवला. तो पोचेपर्यंत ट्रॉली व्हायची तेवढी वाकडी झाली होती. लेकीने दात आवळले, छोटा ट्रॅक्टर पुढे काढला, सरळ केला आणि पुन्हा मागे घ्यायला लागली.

बाप काही कोसभर लांब नव्हता. शेडच्या दाराशी काठी टेकून चांगला समोर उभा होता. त्याचं ओरडणं इंजिनाच्या आवाजातही लेकीला स्वच्छ ऐकू येत होतं. पण जे आपल्याला म्हटलेलंच नाही, ते आपण ऐकायचं कशाला? आईने सांगितल्याशिवाय ती स्टेअरिंगला हात लावत नव्हती. शेवटी तीही त्याचीच लेक.

तिने टेम्पोवाल्याशी लग्न केलं, तेही घरात कुणाला न विचारता. त्या दिवसापासून बापाने अबोला धरला होता. जावयाबद्दल तर त्याचं एकच वाक्य होतं, "त्याचं चाक माझ्या फाटकाच्या आत येणार नाही." म्हणून जावई बायकोला फाटकाशी सोडायचा आणि टेम्पो तिथेच बाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावायचा. हाकललं तर चटकन निघता यावं म्हणून, असं तोच हसत हसत सांगायचा.

मग बाप पडला, कंबरेचं हाड मोडलं आणि नर्सरीचं सगळं काम अडलं. लेक आपणहून आली. बाप नको म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. आईकडे बघून म्हणाला, "रोपं उन्हात करपतायत. कुणीतरी ट्रॉली आत लावा." ते 'कुणीतरी' ऐकून लेकीला हसू आलं आणि रडूही आलं. ट्रॉलीचं काय, लागली असती कशीही. आज बाबांच्या तोंडून एक शब्द काढायचाच, असं ठरवून ती ट्रॅक्टरवर चढली होती.

कामात चूक नव्हती. जड कुंड्या तिने ट्रॉलीत पुढच्या बाजूला भरल्या होत्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोडावर वजन राहतं. पिन घातली होती, पिनेला क्लिप लावली होती आणि ती ओढूनही पाहिली होती. बाप लांबून सगळं न्याहाळत होता. नाव ठेवायला काही सापडेना, म्हणून जास्तच चिडला होता.

आता वाट शेडकडे उतरत होती. लेकीने खालचा गिअर टाकला आणि मान वळवून हळूहळू ट्रॉली मागे सोडली.

"येऊ दे म्हणावं तिला!" बाप म्हणाला.

"येऊ दे गं, येऊ दे!" आई ट्रॉलीच्या बाजूने धावत म्हणाली. निरोप नीट पोचावा म्हणून ती पुढेमागे नाचत होती. त्या नादात ट्रॉलीच्या मागे कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

"थांबव! तिला थांबव म्हणावं!"

"येऊ दे, येऊ दे!" आईचा मागचाच निरोप अजून चालू होता.

लेकीने करकचून ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि मागे धावली. ट्रॉलीची फळी आणि शेडचा खांब यांच्यामध्ये आई उभी होती. जेमतेम मावेल एवढीच जागा उरली होती. लेकीने तिला ओढून बाहेर काढलं. बाप पांढराफटक पडला होता.

"आई, त्यांना सांग," लेक म्हणाली, "मागे घेताना इशारा एकाचाच. दोघांचा आला की इंजिन बंद करून उतरायचं. त्यांनीच शिकवलंय."

"मी नाही सांगत जा!" आई कडाडली. "माझा काय पोपट केलाय तुम्ही दोघांनी? आत्ता माझी चटणी झाली असती! तुमचं तुम्ही बघा." आणि ती एका उपड्या कुंडीवर पाठ फिरवून बसली.

लेक मुकाट्याने ट्रॅक्टरवर जाऊन बसली. तिने मान वळवून बापाकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिली.

बापाने घसा खाकरला.

"ए उफराटे," तो म्हणाला, "सुरू कर."

लहानपणापासून तिला तो हेच म्हणायचा. मागे घेताना ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे तिला एका दिवसात जमलं, तेव्हा तर जास्तच कौतुकाने. लेकीचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले, कारण मागचा माणूस स्वच्छ दिसल्याशिवाय ट्रॉली हलवायची नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं.

"येऊ दे... येऊ दे... थोडं उजवीकडे... येऊ दे... बस्स!"

ट्रॉली शेडमध्ये अशी बसली की ज्याचं नाव ते. लेकीने चाकांना दगड लावले आणि वर पाहिलं, तर बाप जागेवर नव्हता. काठी टेकत तो फाटकाकडे निघाला होता.

"अहो, आता कशाला उगाच..." आई धडपडत उठली.

बाहेर टेम्पोत बसलेल्या जावयाने म्हातारा आरशात येताना पाहिला आणि घाईघाईने टेम्पो सुरू केला.

"ए! पळतोस कुठे?" बापाने टेम्पोच्या मागच्या फळीवर काठी आपटली. मग कडी काढून त्याने फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. आरशात आपण नीट दिसू अशा बेताने बाजूला उभा राहिला आणि हात वर केला.

"रिव्हर्स टाक," तो ओरडला. "येऊ दे... येऊ दे..."