बार्लीचं पाणी

वीस लिटर बिअरसाठी मी पाच किलो बार्लीला अठ्ठावीस लिटर पाणी घेतलं. पाच लिटर धान्य पिणार, तीन लिटर उकळताना उडणार. परदेशात माझ्या सेरंगूनच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या आई-बाबांना सांगितलं, "मूतखड्यासाठी बार्लीचं पाणी मुरत ठेवलंय."

पंधरा दिवसांनी पिंपात अठराच लिटर भरलं. मी पुन्हा आकडेमोड करायला बसलो.

"अरे, मीच काढलं," आई म्हणाली. "यांनाही खड्याचा त्रास आहेच ना. रोज एक पेला देते. आंबूस वास येतो, पण औषधच ते! आधी नको नको म्हणायचे, आता स्वतःहून मागतात."


बाबांना दारू सोडून अकरा वर्षं झाली होती. ते पेपरातून मान वर काढेनात, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.