सैल पट्टा

"चहा गार होतोय," ताई म्हणाली.

भावाने बॅगेतून मायक्रोफोन काढला होता. "बाबांचं शिलाई मशीन कुठंय?"

"एवढ्या वर्षांनी घरात पाऊल ठेवलंस, आणि आल्या आल्या मशीन?"

तो ओशाळला. सकाळी गॅलरीत उन्हाला बसलेल्या बाबांच्या पाया पडला, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "माप द्यायला आलात का?"

जाताना तिकिटाची सोय बाबांनीच केली होती. कशी, ते त्याने विचारलं नव्हतं. परक्या मुलुखात त्याने भांडी घासली, गोदामात खोकी उचलली आणि उरल्या वेळात कॉम्प्युटरवर संगीत जुळवलं. बाबांना ते काही पटलं नाही. "बटणं मीही लावतो," ते फोनवर म्हणत, "माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही." त्यांच्या बोलण्यामागे मशीन चालू असायचं.

एकदा त्याने तो आवाज टिपून त्यावर एक रचना बांधली आणि नशीब उघडलं. मशीनची चाल जराशी लंगडी होती. मध्येच अडखळायची. पट्टा सैल असणार. लोक नेमके त्या अडखळण्यावर फिदा झाले. पुढे त्याने पुष्कळ रचना केल्या. एकीलाही तिची सर आली नाही. आता शेवटचं काहीतरी चांगलं करायचं होतं, आणि त्यासाठी मशीनचा आवाज समोरून हवा होता.

येणं मात्र दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. बाबांचा आवाज थकत चालला होता, ते कळत होतं. पण मागे मशीन चालूच असे. "कामात आहे रे. जोरात चाललंय. तू तिकडचं बघ." मशीन चालतंय म्हणजे घर चालतंय, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

"अजून शिवतात?" त्याने विचारलं.

"तुझा फोन आला की बसतात."

"मग मी समोरच बसतो त्यांच्या."

"समोर तू गिऱ्हाईक. मुलगा फोनवर असतो त्यांचा." ताईने न प्यायलेला कप उचलला. "जिन्यात जा आणि लाव फोन. मग हळूच ये आत. एकदा बघच."

त्याने जिन्यातून फोन लावला.

"बोल रे," बाबांच्या आवाजात एकदम तरतरी आली. "कामात आहे जरा."

आणि मागे मशीन सुरू झालं. तीच लंगडी चाल.

चपला काढून, मायक्रोफोन पुढे धरून तो आतल्या खोलीच्या दाराशी आला. पडदा बाजूला केला.

खिडकीखाली फरशीवर मशीनच्या चार पायांचे पुसट डाग होते. त्यांच्यावर काही नव्हतं. बाबा पलंगावर बसले होते. फोन कानाशी, मांडीवर बटणांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि बोटात शिंप्याचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायचं पत्र्याचं टोपण. त्या बोटाने ते डबा वाजवत होते. मध्येच, कधीकाळी सुई घुसून अधू झालेलं ते बोट क्षणभर सरळ करत, आणि मशीन पुन्हा चालू करत.